यीस्टमधलं फॉस्फोरिलेशन ब्लॉटवर पाहताना या चुका टाळा

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे जेलमध्ये वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधतो तिथे, बँड आला नाही की पहिल्या शिव्या अँटिबॉडीला बसतात. मग नवीन व्हायल मागवा, ब्लॉकिंग बदला, एक्स्पोजर वाढवा. पण बेकर्स यीस्टवर काम करत असाल तर गडबड बहुतेक वेळा जेलच्या कितीतरी आधी झालेली असते. फ्लास्क शेकरवरून उचलला, तिथपासून पेशी खरोखर मरेपर्यंत जी काही मिनिटं जातात, त्यात प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे (म्हणजेच फॉस्फोरिलेशन करणारे) कायनेज आणि ते उतरवणारे फॉस्फेटेज आपापलं काम चालूच ठेवतात.

स्पिन करून पेशी गोळा करणं

सगळ्यांना लागलेली सवय म्हणजे कल्चर ट्यूबमध्ये ओतायचं, पाच मिनिटं स्पिन, गार पाण्याने धुवायचं आणि पेलेट फ्रीझरमध्ये. डीएनए काढायचा असेल तर खुशाल करा. फॉस्फोरिलेशन बघायचं असेल तर नको. पेलेटमध्ये खच्चून बसलेल्या पेशींना ग्लुकोज पुरत नाही, आणि पाण्याने धुतल्यावर तर उरलंसुरलंही जातं. ग्लुकोज कमी पडताच एसएनएफ१ हे कायनेज जागं होतं. माणसातल्या एएमपीकेचं हे यीस्टमधलं रूप, आणि ते सक्रिय व्हायला त्याच्या २१० क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढावं लागतं. भरपूर ग्लुकोजमध्ये वाढलेलं कल्चर नुसतं स्पिन करून गोळा केलं तरी हे घडतं. म्हणजे तुमचा शून्य मिनिटाचा कंट्रोल आधीच पेटलेला. पुढच्या लेनमध्ये फरक दिसत नाही, आणि ‘उपाशी ठेवल्याने काही होत नाही’ असा निष्कर्ष वहीत उतरतो.

हॉग१ म्हणजे खारटपणाच्या ताणात जागं होणारं कायनेज. त्याच्या बाबतीत तर वेळेचाच घोळ होतो. माध्यमात ०.४ मोलर मीठ घातलं की त्याचं फॉस्फोरिलेशन साधारण पाच मिनिटांत शिखर गाठतं आणि अर्ध्या तासाच्या आसपास बरंचसं खाली येतं. इतक्या झटपट घडणाऱ्या गोष्टीसाठी पाच मिनिटांचा स्पिन लावला, तर ट्यूबवर ‘५ मि.’ लिहून काय उपयोग? वर साध्या पाण्याने धुतलं तर खारट माध्यमातल्या पेशीला एकदम उलटा धक्का बसतो. हॉग१वरचं फॉस्फेट झरझर उतरतं आणि पेशीभित्तिका सांभाळणारं एसएलटी२ हे कायनेज चेकाळतं. मिठाचा म्हणून जो परिणाम तुम्ही मोजता, तो खरं तर धुण्याचा असतो.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, म्हणजे टीसीए, थेट वाढत्या कल्चरमध्ये घालायचं. नऊ भाग कल्चरला शंभर टक्क्यांचं एक भाग घातलं की अंतिम प्रमाण दहा टक्के होतं. एन्झाइम जागच्या जागी थांबतात. मग दहा-पंधरा मिनिटं बर्फात ठेवून निवांत स्पिन करा. आता घाई नाही. गार ॲसिटोनने धुवा, काचेच्या मण्यांनी पेशी फोडा, सॅम्पल बफरमध्ये उकळा. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच, हे ॲसिड कातडी जाळतं. प्रथिन जिवंत अवस्थेत हवं असेल, कायनेज ॲसे किंवा पुल-डाउन करायचा असेल, तर टीसीए चालणार नाही. तिथे झटकन फिल्टर करून पेशी थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकणं हा मार्ग.

टीसीएची एक किरकिर ठरलेली: सॅम्पल बफर निळ्याचा पिवळा होतो. ॲसिड उरलंय, एवढाच त्याचा अर्थ. आम्ल न घातलेल्या एक मोलर ट्रिसचे एक-दोन मायक्रोलिटर घाला, निळा परत येईपर्यंत. पिवळं सॅम्पल तसंच चढवलं तर लेन वेडीवाकडी धावते.

‘इनहिबिटर घातले होते’

घातले असतील, पण जिवंत होते का? पीएमएसएफ हे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारे एन्झाइम) रोखणारं रसायन पाण्यात टिकत नाही. पीएच ८ला तासाभराच्या आत निम्म्याहून कमी उरतं. सकाळी बाटलीभर बफरमध्ये मिसळून संध्याकाळी वापरणं म्हणजे नुसतं समाधान. शिवाय ते सेरीन प्रोटिएजपुरतंच. यीस्टच्या व्हॅक्युओलमधलं पेप४ हे ॲस्पार्टिल प्रोटिएज आहे, त्याला पेप्स्टॅटिन लागतं, किंवा सरळ पेप४ काढून टाकलेला स्ट्रेन घ्या. फॉस्फेटेज रोखणारं ऑर्थोव्हॅनाडेट पीएच १०ला आणून, रंग जाईपर्यंत उकळून घ्यावं लागतं, आणि बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारा) किंवा डीटीटी (प्रथिनांतले सल्फरचे बंध तोडणारा) असेल तर ते निकामी होतं.

बँड वर सरकला म्हणजे फॉस्फोरिलेशनच, असं धरून चालणं

सरकलेला बँड हा फक्त संशय. लॅम्डा फॉस्फेटेज लावून तो खाली येतो का बघा. या एन्झाइमला मँगनीज लागतं, त्यामुळे लायसिस बफरमधला ईडीटीए आणि फॉस्फेटेज इनहिबिटर आधी काढून टाका. नाहीतर कंट्रोल ‘फेल’ होतो आणि तुम्ही भलत्याच मॉडिफिकेशनच्या मागे लागता. फॉस्फेट चढलेली प्रथिनं मागे रोखणाऱ्या फॉस-टॅग जेलचंही तेच, ईडीटीए त्यातलं मँगनीज ओढून घेतो. ट्रान्सफरच्या आधी मात्र जेल ईडीटीए असलेल्या बफरमध्ये भिजवायचं, नाहीतर प्रथिन मेम्ब्रेनवर उतरतच नाही. आणि फॉस-टॅगवर मार्करवरून किलोडाल्टन मोजू नका. शेजारी साधं जेलही चालवा.

ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनची मोकळी जागा झाकायला, वापरतात त्या दुधातल्या केसीनवर फॉस्फेट असतं म्हणून फॉस्फो-अँटिबॉडीला दूध वर्ज्य, असं सगळीकडे सांगतात. माझ्या मते हा सल्ला जरा फुगवलेला आहे. एखाद्या ठरावीक जागेवरचं फॉस्फेट ओळखणाऱ्या चांगल्या अँटिबॉडीला बऱ्याचदा दूध चालतं. कुठलंही फॉस्फोसेरीन ओळखणारी असेल तर बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या.

युबिक्विटिन किंवा सुमो (दुसऱ्या प्रथिनांना जोडली जाणारी छोटी प्रथिनं) शोधत असाल तर ते कापून काढणारे एन्झाइम बहुतांशी सिस्टीनवर चालतात. टीसीए वापरत नसाल तर फोडतानाच बफरमध्ये त्या एन्झाइमना बंद पाडणारं एन-एथिलमॅलेइमाइड हवं, आणि त्याच बफरमध्ये डीटीटी नको, दोघं एकमेकांना संपवतात. प्रोटिअसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) रोखणारं एमजी१३२ साध्या स्ट्रेनमध्ये नीट टिकत नाही, पीडीआर५ पंप ते बाहेर फेकतो. पंप काढलेला स्ट्रेन लागतो.

म्यूटंटवरून घाईचा निष्कर्ष

फॉस्फेट चढतं त्या सेरीनच्या जागी ॲलानिन घातलं की फॉस्फेट चढत नाही, इथवर ठीक. पण ॲस्पार्टेट घातलं म्हणजे फॉस्फेट कायमचं बसलं, असं नाही. ॲस्पार्टेटवर एकच ऋण भार, फॉस्फेटवर दोनच्या जवळपास, आणि आकारही वेगळा. फॉस्फेट ओळखून चिकटणारी बीएमएच१ आणि बीएमएच२ ही प्रथिनं सहसा ॲस्पार्टेटला फसत नाहीत. तेव्हा ॲस्पार्टेटचा म्यूटंट ॲलानिनसारखाच वागला, तर त्या जागेचं फॉस्फोरिलेशन बिनमहत्त्वाचं ठरवण्याआधी हीच शक्यता तपासायला हवी.