"दोनच तर डाइव्ह झाल्या!" रेग्युलेटरच्या बाबतीत या चुका टाळा

बडोद्याला समुद्र नाही. त्यामुळे आमच्याकडचे स्कूबा डायव्हिंगचे रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाजोग्या दाबाने तोंडापर्यंत आणणारी यंत्रं) वर्षातले अकरा महिने कपाटात असतात आणि दिवाळीच्या तोंडावर फोन सुरू होतात: "काका, हवा गळतेय, काय करू?" शेवटची सर्व्हिस कधी केली विचारलं की ठरलेलं उत्तर, "दोनच तर डाइव्ह झाल्या!"

नुसत्या डाइव्ह मोजू नका. कंपन्या मुदतही घालतात आणि डाइव्हचा आकडाही. जे आधी भरेल ते धरायचं. पुष्कळ मॉडेलना दर वर्षी तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर पूर्ण खोलून सर्व्हिस लागते. तुमचा आकडा पुस्तिकेत बघा. कपाटात पडून असतानाही सेकंड स्टेजची, म्हणजे तोंडात धरायच्या भागाची स्प्रिंग सीटला (झडपेत हवा अडवणाऱ्या मऊ चकतीला) दाबूनच धरते, तिच्यावर चर पडतो. शिवाय ओ-रिंगच्या, म्हणजे जोडांतून हवा गळू न देणाऱ्या कड्यांच्या रबराचं आपल्या मे महिन्यात माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नको.

आता धुण्याबद्दल, कारण इथे माझं डोकं फिरतं. माझ्या भाच्याने तारकर्लीला हॉटेलच्या बादलीत रेग्युलेटर बुडवला आणि "आतूनही स्वच्छ होऊ दे" म्हणून पर्ज बटण (सेकंड स्टेजमधून हवा सोडायचं बटण) दाबून धरलं. सिलिंडर जोडलेला नसताना बटण दाबलं की झडप उघडते आणि पाणी होजमधून (नळीतून) फर्स्ट स्टेजपर्यंत, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागापर्यंत जातं. वर फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅपही ओलीच लावली. मग दांडिया बाजारातल्या घरी कपाटात, ते थेट पुढच्या दिवाळीत कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या बोटीवर बाहेर. सिलिंडर उघडला, मिनिटभर ठीक, मग ऑक्टोपस (अडीनडीला जोडीदारासाठी ठेवलेली जादा सेकंड स्टेज) फुसफुसायला लागला. सिलिंडरमधला २०० बार दाब साधारण ९-१० बारवर आणून तिथेच रोखणं हे फर्स्ट स्टेजचं काम. सीट नीट बसली नाही की दाब चढत जातो आणि सेकंड स्टेज तो बाहेर सोडते. नंतर फर्स्ट स्टेजचा फिल्टर काढला तेव्हा तो कल्हई उडालेल्या, कळकलेल्या भांड्यासारखा हिरवा होता. त्या दिवशी पैसे भरूनही पाण्यात न उतरता भाचा बोटीवरच उलट्या करत बसला.

मी कॅप शर्टाला पुसतो, कोरडी लावतो, फर्स्ट स्टेज वर धरतो आणि बटणाला हात लावत नाही.

बिलाला घाबरून पळवाटा शोधू नका. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, ऑक्टोपस, तिघांची मजुरी वेगळी आणि किटही (बदलायच्या सुट्या भागांचा संच) वेगळं. माझं गेल्या खेपेचं बिल दहा हजारांवर गेलं, कुरिअर सोडून. पण मकरपुरा जीआयडीसीतल्या ओळखीच्या कॉम्प्रेसरवाल्याकडून खोलून घ्याल, तर सीट जिथे टेकते त्या पितळी कडेवर एक ओरखडा पुरतो. मग किटने भागत नाही.

ओ-रिंगला व्हॅसलिन, शिलाई मशीनचं तेल: नाही म्हणजे नाही.

जुने सुटे भाग परत मागा. निघायच्या आदल्या आठवड्यात सर्व्हिसला टाकू नका. नवी सीट बसताना दाब थोडा सरकतो, म्हणून आधी तरणतलावात एकदा वापरा.

आणि सिलिंडर नसला तरी घरी एवढं करता येतं: डस्ट कॅप घट्ट लावा, माउथपीस तोंडात धरून हलकेच हवा ओढा. काहीच यायला नको. हवा आली, तर माउथपीसची पट्टी आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली (उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या झडपेखाली) अडकलेली वाळू आधी बघा, मग मला फोन करा.