वॉरंटी संपल्यावर मोठा खर्च निघाला तर

गाडीची वॉरंटी संपून दोन महिने होतात न होतात तोच गिअरबॉक्स जातो आणि सर्व्हिस सेंटर लाखभराचं एस्टिमेट देतं. लगेच होकार देऊ नका.

१. बिघाडाचं कारण जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लेखी घ्या.
२. सर्व्हिसिंगची सगळी बिलं जोडून थेट कंपनीला ईमेल करा आणि ‘गुडविल’ म्हणून, म्हणजे वॉरंटी संपली असली तरी सद्भावनेने, खर्चात वाटा मागा. हाच शब्द वापरा. डीलर सहसा आपणहून तो काढत नाही. सर्व्हिसिंग वेळेवर झालं असेल तर तुमची बाजू भक्कम.
३. नकार आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेही नाही जमलं तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षं.

बदललेला पार्ट मात्र वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका, पुरावा तोच असतो.