नको ते विचार आणि प्रार्थना: या चुका टाळा

प्रभुभोजनाची भाकर हातात आहे, डोळे मिटलेले आहेत आणि नेमकी तेव्हाच मनात एक घाणेरडी शिवी उमटते. तीही येशूलाच. किंवा बाळाला अंघोळ घालताना आईच्या मनात चमकून जातं, 'मीच याला पाण्यात बुडवलं तर?' उपासना संपते, बाळ कोरडं होऊन झोपून जातं. त्या माणसाचा पुढचा आठवडा मात्र एकाच प्रश्नात जातो: असं मनात आलंच कसं? माझा विश्वास खोटा तर नाही?

'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपण म्हणतोच. पण विचार येतो तेवढ्याने फारसं बिघडत नाही. तो घालवण्यासाठी श्रद्धावान माणूस जे उपाय करतो, त्यांनीच दुखणं चिघळतं.

मनात आलं म्हणजे पाप झालं

हे मानणारे बायबलमधलं मत्तय ५:२८ पुढे करतात: वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे. तिथे येशू बोलतो ते कामवासनेने स्त्रीकडे पाहणाऱ्याविषयी, म्हणजे नजर मुद्दाम वळवून ती वासना पोसणाऱ्याविषयी. याकोबाने (१:१४-१५) तर पायऱ्याच सांगितल्या आहेत: वासना ओढते, भुलवते, गर्भ धरते आणि मग पाप जन्मतं. ओढ लागणं आणि पाप घडणं यांत त्याने अंतर ठेवलं आहे. रानात सैतानाच्या सूचना येशूच्याही कानावर पडल्याच होत्या; तरी इब्री ४:१५ त्याला निष्पाप म्हणतं.

१९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना अशा विचारांबद्दल विचारलं. सुमारे ८० टक्के लोकांनी 'हो, येतात' असं सांगितलं. विचार येतात ते बहुधा माणसाला जे सर्वांत प्रिय असतं त्याच्यावरच उलटून. भाविकाला देवाची निंदा सुचते, आईला बाळाची इजा दिसते. किळस वाटते ती त्यामुळेच.

जोर लावून हाकलणं

१९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असं सांगितलं. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर अस्वल अधिकच जोराने परतलं. कारण सोपं आहे. अस्वल आलं नाही ना, हे तपासायला मनाला अस्वलच शोधावं लागतं.

इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांना हे सोळाशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. विचारांनी हैराण झालेल्या एका बंधूला पोएमेन नावाच्या गुरूने बाहेर नेलं आणि वारा पकडून ठेवायला सांगितलं. जमत नाही म्हटल्यावर गुरू म्हणाला, मग विचार येणंही तुला थांबवता येणार नाही. त्यांच्या मागे जायचं नाही, एवढं तुझ्या हातात आहे.

इथे हमखास २ करिंथ १०:५ काढलं जातं, प्रत्येक विचार बंदिवान करण्याचं वचन. पण पौल तिथे करिंथच्या मंडळीत त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या युक्तिवादांना उत्तर देतो आहे. मनात चमकून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ते लावलं, तर माणूस चोवीस तास स्वतःच्याच डोक्याबाहेर पहारा देत बसतो. त्यापेक्षा 'हा तोच जुना विचार' एवढं ओळखावं आणि हातातलं काम, चालू असलेली प्रार्थना पुढे न्यावी. तो मागे बडबडत राहिला तर राहू द्यावा. पहिल्या काही वेळा जीव अगदी घाबरा होतो, हेही सांगून ठेवतो.

प्रार्थनेचं खोडरबर करणं

विचार आला की लगेच 'प्रभू, क्षमा कर' सात वेळा, एखादा शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मत्तय ६:७ मध्ये येशूने नेमक्या अशाच व्यर्थ बडबडीपासून सावध केलं आहे. नको ते विचार येत राहणं आणि ते घालवायला तेच ते करत बसणं, या आजाराला मराठीत 'मंत्रचळ' हा शब्द आहे, आणि तो किती चपखल आहे!

पुन्हा पुन्हा कबुली देणं

पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा इग्नाशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसाला होता. आयुष्यभराची पापं लिहून कबूल करून झाली, तरी काहीतरी राहिलंच असेल ही टोचणी सुटेना. कबुली ऐकणारा म्हणाला, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पण इग्नाशियसला सगळंच स्पष्ट वाटे! सात-सात तास गुडघ्यांवर, मग जीव देण्याचे विचार, मग उपवास. अखेर जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत, असं त्याने ठरवलं तेव्हा सुटका झाली.

पाळकांना 'मला क्षमा झाली ना?' असं विचारून मिळणारा दिलासा फार टिकत नाही. शंका परत येते, आणि पुढच्या वेळी त्याहून मोठा दिलासा लागतो. पाळकांनीही एकदा नीट उत्तर द्यावं; दहाव्यांदा तोच प्रश्न आला तर प्रेमाने 'याचं उत्तर झालं आहे' म्हणून थांबावं. कठोर वाटतं, पण मदत यातच आहे.

पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची (मत्तय १२:३१) भीतीही इथलीच. ते शब्द, बरा झालेला माणूस समोर दिसत असताना 'हे बालजबूलचं, म्हणजे भुतांच्या अधिपतीचं काम' असं जाणूनबुजून म्हणणाऱ्या परूशी पंथाच्या लोकांना उद्देशून होते. नको असताना आलेल्या विचाराने जो रडतो आहे, तो त्यांच्या रांगेत बसत नाही.

सगळं सैतानावर ढकलणं

विचार सैतानाचाच, म्हणून उपवास वाढव, असं काही जण सांगतात. पण एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं (१ राजे १९), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. थकलेल्या माणसावर आणखी उपवास लादणाऱ्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

विचार आणि त्यावरच्या उपायांत दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ जात असेल, तर हा ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ, असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. औषधं आहेत, शिवाय विचाराला सामोरं जाऊन नेहमीची ती क्रिया न करण्याचा सराव देणारी थेरपी आहे. आणि विचाराची किळस येण्याऐवजी मरणाची ओढ वाटत असेल किंवा काही बेत आखला जात असेल, तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि एकटे राहू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर बरेच जण नुसतं 'ताण आहे' म्हणतात आणि खरी गोष्ट पोटातच राहते. विचार जसा येतो तशाच शब्दांत सांगावा. तोंडातून निघत नसेल तर कागदावर लिहून न्यावा. असे कागद डॉक्टरांनी याआधीही वाचलेले असतात.