फ्लाइट सिम्युलेटरसाठी पीसी अपग्रेड करताय? आधी मोजा, मग पार्ट घ्या

विमान गेटवर उभंय, इंजिन बंद, समोर टर्मिनल, आणि खिडकीबाहेर बघायला कॅमेरा वळवला की चित्र सरळ सरकायच्या ऐवजी अडखळत जातं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० किंवा २०२४ असो की एक्स-प्लेन १२ असो, सिम चालवणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलेलं असतं, आणि बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ग्राफिक्स कार्डाचा.

माझ्याही आला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड असा पीसी होता, दुकानदार म्हणाला गेमिंगला कार्डच लागतं, डोळे झाकून आरटीएक्स ४०७० टाका, आणि आठ-नऊ महिने साठवलेले पैसे मी त्यात घातले. घरी येऊन कार्ड बसवलं, मुंबई विमानतळाच्या गेटवर तीच फ्लाइट लोड केली, आधी २८ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) होते आता २९. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, आणि ते तुमच्या बाबतीत होऊ नये एवढ्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहितोय.

पायरी १: पीसी नेमका कुठे अडकतोय ते शोधा

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड असतो, तो ऑन करा, मग वर जो मेनू येतो त्यात डिस्प्ले एफपीएस शोधून टिक करा. कोपऱ्यात एक चौकट येईल आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, लिमिटेड बाय मेनथ्रेड (प्रोसेसरवर चालणारं सिमचं मुख्य काम) किंवा लिमिटेड बाय जीपीयू (ग्राफिक्स कार्ड). शिवाय मिलिसेकंदात आकडे असतात, म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला किती वेळ लागला ते. ३३.३ मिलिसेकंद म्हणजे ३० एफपीएस, १६.७ म्हणजे ६०. माझ्याकडे मेनथ्रेड ३५ च्या आसपास आणि नवीन कार्ड १२ ला काम संपवून नुसतं वाट बघत बसलेलं. ही चौकट मी कार्ड घ्यायच्या आधी उघडली असती तर ते पैसे वाचले असते. एक्स-प्लेनमध्येही डेटा आउटपुटमधून सीपीयू आणि जीपीयूचा वेळ वेगवेगळा स्क्रीनवर आणता येतो.

एवढं करायचं नसेल तर सोपा उपाय, रेंडर स्केलिंग, म्हणजे सिम किती रिझोल्यूशनवर चित्र काढतं ती सेटिंग, १०० वरून ५० वर आणा. चित्र धूसर होईल, होऊ दे. एफपीएस चांगले वाढले तर अडचण कार्डात आहे, आणि आहे तिथेच राहिले तर प्रोसेसरमध्ये.

इथे टास्क मॅनेजर बघून फसू नका. तिथे सीपीयू ३५ टक्के दिसतो आणि वाटतं की प्रोसेसर तर निवांत आहे. तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. सिमचं बरंचसं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं, विमानाचं उड्डाणगणित, कॉकपिटमधल्या सिस्टिम, बाकीचं ट्रॅफिक, आणि शेवटी कार्डाला काय काढायचं ते सांगणं. लग्नाच्या पंगतीत वाढपी पंधरा आहेत पण कढईजवळ आचारी एकच असला तर पंगत त्या आचाऱ्याच्याच वेगाने उठणार, तसं आहे हे. म्हणून सोळा कोअरचा प्रोसेसर घेऊनही सिम तेवढंच रखडू शकतं.

मोजताना दोन फ्लाइट ठरवून सेव्ह करून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच चालवा. माझी जड फ्लाइट म्हणजे मुंबईच्या गेटवर ए३२०, ट्रॅफिक चालू. हलकी म्हणजे जुहूवरून सेसना १७२ घेऊन खंडाळ्याच्या घाटावरून पुण्याकडे, भरपूर ढग. (जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणलं ते जुहूलाच उतरवलं होतं, त्यामुळे टेस्ट असली तरी तिथून उडताना मला बरं वाटतं.) हवामान मात्र लाइव्ह ठेवू नका, एक प्रीसेट पक्का करा, नाहीतर काल ऊन आणि आज ढग, मग तुलना कशाची करणार. आकडे वहीत लिहा.

पायरी २: फुकटात जे मिळतंय ते आधी घ्या

टास्क मॅनेजरमध्येच मेमरीवर क्लिक करून स्पीड बघा. ३२०० ची रॅम विकत घेतलेली असते आणि तिथे २१३३ किंवा २४०० दिसतं, कारण बायोसमध्ये (पीसी चालू होताना आधी चालणारं मदरबोर्डातलं सॉफ्टवेअर) एक्सएमपी नावाची सेटिंग ऑनच केलेली नसते, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर तिला एक्सपो म्हणतात. माझ्याकडे तर दीड वर्ष २१३३ चालू होतं. बायोसमध्ये जाऊन ऑन केलं, दोन मिनिटांचं काम, आणि गेटवर दोन-तीन एफपीएस वाढले, म्हणजे नव्या कार्डाने त्या जागी दिले त्यापेक्षा जास्त. रॅमच्या दोन काड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असाव्या लागतात, बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं ते बघा. एकच काडी असेल तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन काड्यांतून एकदम माहिती वाचणं, मिळत नाही, ते सिमला चांगलंच जाणवतं.

मग सेटिंग्ज. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (एलओडी, जमिनीचा तपशील किती दूरपर्यंत दाखवायचा), ऑब्जेक्ट लेव्हल ऑफ डिटेल, विमानतळावरची गाड्या-माणसं, एआय ट्रॅफिक (सिमने उडवलेली बाकीची विमानं) आणि ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट (कॉकपिटमधल्या स्क्रीन किती वेळा बदलतात), यांचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. ढग, रिझोल्यूशन, सावल्या, रिफ्लेक्शन हे कार्डाचं काम. मेनथ्रेड अडकलेला असताना ढग कमी करून काहीही मिळत नाही, उलट दृश्य उगाच ओकंबोकं होतं. टेरेन एलओडी २०० वरून १०० वर आणून बघा, बऱ्याच जणांचं अपग्रेड तिथेच पुढच्या वर्षावर जातं.

पायरी ३: प्रोसेसर

सिमसाठी सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. गिगाहर्ट्झ आणि कोअर बघितले जातातच, पण सिमला त्याहून जास्त फायदा होतो मोठ्या कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच असलेल्या मेमरीचा. मेनथ्रेडला सारखी माहिती लागते, ती रॅममधून आणायला वेळ जातो, कॅशमध्ये सापडली की लगेच मिळते. एएमडीचे ज्यांच्या नावात एक्स३डी आहे ते प्रोसेसर याचसाठी सिमवाल्यांमध्ये एवढे गाजले. साध्या ५८००एक्समध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी. एप्रिल २०२३ चा ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ चा ९८००एक्स३डी हेही ९६ एमबीचेच, पण नव्या पिढीचे आणि आणखी वेगवान.

आता तुमचा बोर्ड कुठला ते बघा, कारण सगळा हिशोब त्यावर. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड असेल, बी४५० किंवा बी५५० सारखा, तर ५८००एक्स३डी किंवा त्याचा धाकटा भाऊ ५७००एक्स३डी टाकता येतो, बोर्ड तोच, रॅम तीच. माझं तसंच झालं. मेनथ्रेड ३५ वरून २२ वर आला आणि ते ४०७० कार्ड पहिल्यांदा कामाला लागलं. नवे आता सहज मिळत नाहीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरून विचारा, जुना घेतलात तर पिना भिंगाखाली बघूनच घ्या. त्याच्या पुढच्या एएम५ सॉकेटवर जायचं तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही नवीन लागणार, म्हणजे खर्च तिप्पट धरा, पण पाच वर्षं बघायला लागत नाही. इंटेलचा एलजीए१७०० बोर्ड असेल तर १२ व्या ते १४ व्या पिढीतला वरचा प्रोसेसर टाकता येतो, फक्त १३ व्या-१४ व्या पिढीतल्या काही मोठ्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेजची भानगड निघाली होती आणि इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची, म्हणजे बायोसमधून येणारी, दुरुस्ती दिली, त्यामुळे नवीन बायोस टाकल्याशिवाय ते चालवू नका.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं. हे उलट केलं, म्हणजे आधी प्रोसेसर बदलला, तर बोर्ड नव्याला ओळखत नाही आणि स्क्रीन काळी.

आणि एएम४ वर कूलर काढताना घाई करू नका. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच खाली असतात आणि सॉकेटची पकड तेवढी घट्ट नसते, त्यामुळे वर्षानुवर्षं वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला आणि प्रोसेसरला अशी चिकटवून ठेवते की कूलर सरळ वर ओढला की लॉक लावलेला प्रोसेसरसुद्धा सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मी आधी दहा-पंधरा मिनिटं सिम चालवून पेस्ट गरम केली, पीसी बंद केला, प्लग काढला, कूलरचे स्क्रू सैल केले आणि मग कूलर वर न उचलता डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवला, डब्याचं घट्ट झाकण फिरवतो तसा. पाच-सहा वेळा फिरवल्यावर चिकट सैल झालेलं हाताला कळतं, तेव्हाच उचलायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नवी मटारच्या दाण्याएवढी पुरते.

५८००एक्स३डी, ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी, तिघांसोबत कूलर येत नाही, तो बजेटमध्ये आधीच धरा. ५८००एक्स३डीची कमाल मर्यादा ९० डिग्री आहे आणि नागपूर-जळगावकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे स्वस्तातला छोटा कूलर घेऊन चालणार नाही, चांगला टॉवर कूलर आणि कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे दोन पंखे पाहिजेतच.

पायरी ४: ग्राफिक्स कार्ड

चौकटीत लिमिटेड बाय जीपीयू येत असेल, किंवा तुम्ही १०८० रिझोल्यूशनवरून १४४० किंवा ४के मॉनिटरवर जाताय, किंवा व्हीआर हेडसेट लावायचाय, तरच कार्ड. घेताना व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बघा. सिममध्ये फोटोसारखी जमीन, मोठं विमानतळ आणि कॉकपिटचे टेक्स्चर मिळून व्हीरॅम पटकन भरते, आणि भरली की एफपीएस हळूहळू कमी होत नाहीत, एकदम झटके बसायला लागतात, नेमके लँडिंगच्या वेळी. ८ जीबीमध्ये १०८० वर जपून चालतं, १४४० साठी मी १२ जीबीच्या खाली जाणार नाही. म्हणून १६ जीबीचं थोडं हळू कार्ड आणि ८ जीबीचं थोडं जलद कार्ड अशी निवड आली तर सिमसाठी पहिलं.

डीएलएसएसने, म्हणजे चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राने, कार्डाचा भार बराच हलका होतो, पण कॉकपिटच्या स्क्रीनवरचे बदलणारे आकडे थोडे पुसट होतात, ज्यांना आकडे वाचत उडवायचंय त्यांनी टीएए या साध्या सेटिंगवर राहावं. एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन आरटीएक्स ४० मालिकेपासून मिळतं, ते दोन फ्रेमच्या मध्ये एक फ्रेम घालतं. मेनथ्रेड त्याने वेगवान होत नाही, पण तो अडकलेला असतानासुद्धा चित्र गुळगुळीत दिसतं, त्यामुळे प्रोसेसर बदलणं शक्यच नसेल त्याला हा खरा आधार आहे.

पॉवर सप्लाय विसरू नका. जुना ४५० वॅटचा आणि वरती नवं कार्ड असं करू नका, आरटीएक्स ४०७० एकटं २०० वॅट घेतं, त्याला ६५० वॅटचा चांगला सप्लाय लावला. आपल्याकडे लाइट जाते तेव्हा यूपीएसची क्षमताही त्या हिशोबाने बघा, चार तासांच्या फ्लाइटमध्ये उतरताना लाइट गेली की सगळंच गेलं.

पायरी ५: रॅम, एसएसडी, नेट

हे पटकन. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ साठी किमान १६ जीबी सांगितलंय, शिफारस ३२, आदर्श ६४. ३२ घ्या, दोन काड्यांत. डीडीआर५ मध्ये चार काड्या लावल्या की वेग खाली येतो, त्यामुळे १६ च्या दोन पहिल्यापासूनच. ३२ च्या पुढे एफपीएस वाढत नाहीत.

सिम हार्ड डिस्कवर असेल तर आजच एसएसडीवर हलवा. लोडिंग आणि उडताना बसणारे धक्के कमी होतात, गेटवरचे एफपीएस मात्र तेच राहतात. महागडी सगळ्यात जलद एनव्हीएमई घ्यायची गरज नाही, साधी एक टीबीची पुरते.

जमीन धूसर दिसतेय, डोंगर उशिरा उमटतायत, तर ते कार्डामुळे आहे असं समजू नका. जमिनीचा डेटा नेटवरून येतो, २०२४ मध्ये तर आणखी जास्त, शिफारस ५० एमबीपीएसची आहे. वायफाय सोडून राउटरपासून लॅन केबल ओढा. माझ्या एका मित्राने यासाठी कार्ड बदलायला काढलं होतं, पंधरा मीटर केबलमध्ये काम झालं.

लॅपटॉपवाल्यांना प्रोसेसर-कार्ड बदलता येत नाही, तुम्ही रॅमची दुसरी काडी आणि मागून उंच करून हवा मिळेल असा स्टँड एवढं करा आणि एलओडी खाली ठेवा.

पायरी ६: मॉनिटर आणि हातातलं

फ्रीसिंक किंवा जीसिंक असलेला मॉनिटर असेल तर ४० एफपीएससुद्धा छान वाटतात, कारण मॉनिटर सिमच्या वेगाने चालतो. साधा ६० हर्ट्झ असेल तर सरळ ३० ला लॉक करा, ३० ते ४५ मध्ये उड्या मारणाऱ्या आकड्यापेक्षा स्थिर ३० डोळ्यांना कितीतरी चांगले. सिममध्ये गोळीबार करायचा नाहीये, १४४ एफपीएसच्या मागे लागून पैसे घालवू नका.

त्यातून पैसे उरले तर जॉयस्टिक, आणि जॉयस्टिक आधीच असेल तर रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक डावीकडे-उजवीकडे वळवणारे पायाचे पेडल. जॉयस्टिक फिरवून रडर देणं आणि पायाने देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे बाजूने वारा असताना, जुहूला सेसना उतरवताना नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं असतं तेव्हा तो पहिल्याच दिवशी कळतो. पेडल गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात, खाली जाड रबरी मॅट टाका आणि पेडलची मागची बाजू भिंतीला टेकवा.