बाजार समितीतील आवक नोंदीसाठी लवचिक डेटा मॉडेल कसे रचावे

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, मसाले आणि धान्य असे पाच बाजार आहेत. वेगवेगळ्या बाजारांतील गाळेधारकांसाठी आवक नोंदवणारे एकच वेब ॲप्लिकेशन करायचे ठरवले, की डेटा मॉडेलची, म्हणजे माहिती कोणत्या रचनेत साठवायची याची, अडचण पहिल्याच दिवशी समोर येते. हापूसच्या नोंदीत पेट्या आणि प्रत्येक पेटीतील डझन लागतात, कांद्याच्या नोंदीत गोण्या आणि आकारानुसार प्रतवारी लागते, तर सुक्या मिरचीची नोंद करताना ती ब्याडगी आहे की गुंटूर आणि तिच्यात ओलावा किती, हे लिहावे लागते.

प्रत्येक गुणधर्माला स्वतंत्र कॉलम दिला, तर बहुतेक कॉलम रिकामे राहतात. नोंद, गुणधर्म आणि मूल्य अशा तीन कॉलमांचे टेबल केले, तर सगळी मूल्ये मजकूर बनतात आणि साध्या शोधासाठीही तेच टेबल पुन्हा पुन्हा जोडावे लागते. मी या दुसऱ्या रचनेपासून दूर राहण्याचाच सल्ला देईन. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१४ च्या ९.४ या आवृत्तीपासून जेसन (गुणधर्म आणि मूल्ये जोडीने लिहिण्याची पद्धत) साठवणारा जेसनबी हा डेटा प्रकार आहे. नेहमीच्या कॉलमांसोबत त्या प्रकारचा एकच कॉलम ठेवणे या कामाला पुरते.

कोणती माहिती कुठे ठेवायची, हे ठरवण्यासाठी आधी प्रत्येक बाजारातील गाळ्यांवरच्या जुन्या पावत्या मागून घ्याव्यात. शेतकरी, तारीख, माल, नग, एकक, वजन आणि दर हे सर्वत्र आढळते, म्हणून त्यांचे कॉलम करावेत. याशिवाय शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतील रकमेवर ज्याचा परिणाम होतो, ती हमाली आणि तोलाईसुद्धा कॉलममध्येच ठेवावी, कारण जेसनबीच्या आतील मूल्याला दुसऱ्या टेबलाशी बांधणारी फॉरेन की लावता येत नाही आणि आतले एखादे मूल्य गाळले गेले, तरी डेटाबेस आपण होऊन हरकत घेत नाही. शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब अशा भरवशावर सोडणे मला मान्य नाही. एककाबाबत विशेष काळजी घ्यावी. पेटी हे ठरावीक माप नाही आणि फळाच्या आकारानुसार तिच्यातील डझन बदलतात, म्हणून नगांची संख्या, एकक आणि प्रत्यक्ष वजन ही तिन्ही वेगवेगळी नोंदवावीत. जात, प्रतवारी, ओलावा यांसारखे वर्णन जेसनबीमध्ये जाऊ द्यावे.

त्यानंतर मालाच्या प्रकारांचे एक वेगळे टेबल करावे आणि त्यात प्रत्येक गुणधर्माचे नाव, त्याचा डेटा प्रकार, तो अनिवार्य आहे की नाही आणि कोणती मूल्ये चालतील, हे लिहावे. फॉर्म याच टेबलावरून तयार व्हावा आणि सर्व्हरवरील तपासणीही त्याच्याच आधारे व्हावी. मराठीत काम करताना ही तपासणी अधिक गरजेची ठरते. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टंकले जातात, पण जेसनमधील संख्येत ते चालत नाहीत. ते मजकूर म्हणून साठवले गेले, तर पाच डझनच्या पेट्या शोधताना ती नोंद सापडणारच नाही. म्हणून साठवण्यापूर्वी अंकांचे रूपांतर करावे. ‘हापूस’ आणि ‘हापुस’ ही डेटाबेसच्या दृष्टीने दोन भिन्न मूल्ये आहेत, तेव्हा जात हाताने लिहू न देता यादीतून निवडायला लावावी. गुणधर्मांचे वर्णन बदलले की त्याला नवा आवृत्ती क्रमांक द्यावा आणि प्रत्येक नोंदीसोबत तो साठवावा, म्हणजे मागच्या हंगामातील नोंदी त्यांच्या काळच्या नियमांनुसार वाचता येतात.

जेसनबीच्या कॉलमवर जिन इंडेक्स, म्हणजे आतल्या गुणधर्मांची आणि मूल्यांची शोधसूची, लावावा. केवळ ‘@>’ या खुणेने (अमुक गुणधर्म आणि मूल्य ज्यात आहे, अशा नोंदींचा) शोध घ्यायचा असेल, तर त्याचा ‘पाथ ऑप्स’ हा प्रकार घ्यावा, कारण तो सहसा आकाराने लहान असतो. मात्र ओलावा अमुक टक्क्यांपेक्षा कमी, अशा शोधाला जिन इंडेक्सचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय पोस्टग्रेस जेसनबीच्या आतील प्रत्येक गुणधर्माची स्वतंत्र आकडेवारी ठेवत नाही, त्यामुळे किती नोंदी सापडतील, याचा त्याचा अंदाज चुकू शकतो आणि शोधाचा मार्ग चुकीचा निवडला जातो. एखाद्या गुणधर्मावर रोज शोध होऊ लागला, तर २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत आलेला जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरला जाणारा) वापरून त्याला बाहेर काढावे आणि त्यावर साधा बी-ट्री इंडेक्स, म्हणजे क्रमाने लावलेली शोधसूची, लावावा.

असा साठवलेला कॉलम वाढवताना पोस्टग्रेस संपूर्ण टेबल नव्याने लिहिते आणि तोवर ते वाचण्यासाठीही बंद राहते. असे काम रात्री उरकण्याची सर्वसाधारण पद्धत इथे मोडावी. भाजीपाल्याचा व्यवहार पहाटेच सुरू होतो, म्हणून गाळेधारकांना विचारून, दिवसाचा हिशेब मिटल्यानंतरची वेळ घ्यावी.