मांजरीच्या पिल्लातले कॉक्सिडिया स्लाइडवर कसे ओळखावेत

ठमी साडेसहा आठवड्यांची. मालकीणबाईंनी नमुना श्रीखंडाच्या डब्यातून आणला होता. पिवळट, पातळ, शेंबूड मिसळलेला. मी स्लाइड लावली, काही सापडलं नाही. "म्हणजे जंतू नाहीत ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, परवा पुन्हा आणा. परवाच्या स्लाइडवर जिथे बघावं तिथे ऊसिस्ट (परजीवीची विष्ठेतून बाहेर पडणारी, भिंत असलेली अवस्था)!

असं का झालं? कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी आधी लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो. आत एकाचे अनेक होतात (या फुगलेल्या अवस्थेला मेरोंट म्हणतात), पेशी फुटते आणि बाहेर पडलेले मेरोझोइट शेजारच्या पेशींत घुसतात. अशा फेऱ्या झाल्यावर मग नर आणि मादी अवस्था तयार होतात, त्यांचं मीलन होतं आणि ऊसिस्ट विष्ठेत उतरतो. पेशी फुटून जुलाब सुरू होतात ते आधी, आपल्याला दिसणारा ऊसिस्ट येतो नंतर. म्हणून जुलाब लागलेल्या पिल्लाची पहिली स्लाइड निगेटिव्ह आली तर दोन दिवसांनी परत बघायचीच.

आता कृती. ४५४ ग्रॅम साखर ३५५ मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा, गार करा. मीठ फुकट असलं तरी मला साखरच आवडते. मिठाचे स्फटिक लवकर धरतात आणि स्लाइड वाया जाते. मोठ्या वाटाण्याएवढी ताजी विष्ठा या पाकात कालवून चहाच्या गाळणीतून गाळा (ती गाळणी दवाखान्याचीच, घरी न्यायची नाही). सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० आरपीएमवर पाच मिनिटं फिरवा. ट्यूब स्टँडवर उभी करून पाक काठोकाठ घाला, वर जरासा फुगवटा यायला हवा. कव्हरस्लिप ठेवा, दहा मिनिटं थांबा, मग ती सरळ वर उचलून स्लाइडवर टेका.

आधी १० चं भिंग, मग ४०. कंडेन्सर (स्टेजखालचं, उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या, नाहीतर उजेडात ऊसिस्टची पातळ भिंत विरून जाते. हवेचा बुडबुडा काळ्या कडेचा आणि आतून रिकामा दिसतो. ऊसिस्टमध्ये दाणेदार गोळा असतो.

मापाशिवाय नाव लिहू नका. आयपीसमधली पट्टी एकदा स्टेज मायक्रोमीटरवर (ठरावीक मापाच्या रेघा कोरलेल्या स्लाइडवर) जुळवून घ्या. मांजरीतल्या कॉक्सिडियाच्या दोन नेहमीच्या जाती: सिस्टोआयसोस्पोरा फेलिस साधारण ४० × ३० मायक्रॉन, अंड्याच्या आकाराचा. रिव्होल्टा त्याहून बराच लहान, वीस-पंचवीसच्या आसपास. आणि १०-१२ मायक्रॉनचा गोल ऊसिस्ट दिसला तर तिथेच थांबा. तो टोक्सोप्लाझ्मा (माणसालाही बाधणारा, गर्भाला धोक्याचा परजीवी) असू शकतो, पण हॅमोंडिया या त्याच्या भाईबंदाचाही डिट्टो तसाच दिसतो. रिपोर्टात "टोक्सोप्लाझ्मासारखे ऊसिस्ट" एवढंच लिहा आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवा. तो दवाखान्यात वाढवत बसू नका, गरोदर सहकारी असेल तर तिला त्या टेबलाजवळही येऊ देऊ नका.

मोठ्या ऊसिस्टची पुढची अवस्था मात्र जरूर बघा. पोटॅशियम डायक्रोमेटचं २.५ टक्क्यांचं द्रावण पेट्री डिशमध्ये पातळ थरात घ्या, त्यात नमुना कालवा, हातमोजे घालून. हे रसायन विषारी आहे. पहिल्यांदा मी छोटी बाटली गच्च भरून बूच लावून ठेवली होती. चार दिवस गोळा होता तसाच! हवा मिळाली नाही तर ऊसिस्ट पिकत नाही. उथळ डिशमध्ये आपल्याकडच्या उष्म्यात एक-दोन दिवसांत काम होतं: गोळ्याचे दोन भाग, आणि प्रत्येक भागात केळ्यांच्या फणीसारखे चार स्पोरोझोइट (पुढे आतड्याच्या पेशीत शिरणारे परजीवी). दोन थैल्या, आठ केळी. पहिल्यांदा मोजताना मला सहाच सापडली होती, फोकस वरखाली केल्यावर उरलेली दोन खालून निघाली.

विष्ठेतून पडलेला ताजा ऊसिस्ट लगेच बाधत नाही, पिकल्यावर बाधतो. तेव्हा मालकांना औषधासोबत हेही सांगा: रेतीचा ट्रे रोज साफ करायचा, आठवड्याने नाही. ब्लीचने ऊसिस्ट मरत नाहीत. ट्रे रिकामा करून उकळतं पाणी ओता.

ठमीच्या मालकीणबाईंनी हे सगळं लिहून घेतलं आणि जाताना विचारलं, "डॉक्टर, माझा डबा?"


डबा मी आधीच दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला होता.