पुस्तकाची पोथी लावा : श्रावणातला वाचनमहिना आणि लेकरांची आवड

मराठवाड्यात श्रावण आला की गावोगाव पोथी लागते. देवळात एक जण ओवी वाचतो, शेजारचा अर्थ सांगतो, आणि पुढच्या अध्यायात काय होतंय हे ऐकायला माणसं दुसऱ्या दिवशी परत येतात. पाचवी ते सातवीच्या लेकरांना महिनाभर वाचतं करायचं आणि त्यांची आवडती पुस्तकं शोधायची, तर हीच रीत उचलावी. पहिल्याच दिवशी कपाट उघडून ‘घ्या आवडेल ते’ म्हटलं की सगळ्यात पातळ पुस्तकावर उड्या पडतात. दोन दिवसांनी ती पुस्तकं जशीच्या तशी परत येतात.

वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला असतो, म्हणून पुष्कळ शाळा सगळा खटाटोप तेव्हा करतात. आपल्याकडं ते दिवस सोयाबीन काढणीचे. निम्मी लेकरं रानात असतात, हजेरीच पडत नाही. श्रावणात खुरपणी असते, पण शाळा सुटायच्या आधीचा अर्धा तास हाती लागतो. रविवार, नागपंचमी, राखी, १५ ऑगस्ट, पोळा हे वजा करून साधारण २२ बैठका धरा.

आता हिशोब. लेकरांच्या पुस्तकाच्या एका पानावर अंदाजे २५० शब्द असतात. मोठ्यानं, समजेल असं वाचलं तर मिनिटाला १०० शब्द होतात, म्हणजे पानाला अडीच मिनिटं. २० मिनिटांत ८ पानं. उरलेली १० मिनिटं अर्थ सांगायला. १२० पानांचं पुस्तक १५ बैठका खातं, राहिलेल्या ७ बैठकांत ५०-५५ पानांचं एक लहान बसतं. यापेक्षा जास्त कोंबू नका. दोनशे पानांची कादंबरी धरली की पोळ्यापर्यंत शेवट गाठायची घाई होते, आणि घाईत वाचलेला शेवट पोरांच्या लक्षातही राहत नाही.

पोथीला लावायचं पुस्तक निवडताना तीन गोष्टी पाहा : अध्याय सहा-आठ पानांचे, पात्रं आठवतील एवढीच, आणि दर दोन पानांत काहीतरी घडणारं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यात पक्का बसतो. फुरसुंगीचा बनेश, विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट. फक्त वाचणाऱ्यानं त्याचं ‘ट्टॉक’ जीभ टाळूला लावून खणखणीत वाजवलं पाहिजे. ते मिळमिळीत निघालं की ऐकणारे चुळबुळ करू लागतात. ‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकाचे तुकडे लहान आहेत, आणि रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा ऐकली की प्रश्न आपोआप येतात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे अध्याय तर ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असेच मांडलेले, म्हणजे पोथीसारखेच. पण त्या रात्री २२ बैठकांत मावत नाहीत, निवडक घ्या. रडवणाऱ्या दोन लागोपाठ घेऊ नका, तिसऱ्या दिवशी पोरं मागच्या भिंतीला जाऊन बसतात.

पुस्तक अवघड आहे का, हे आधी तपासा. मधलं कुठलंही पान उघडून वर्गातल्या मधल्या वकूबाच्या लेकराला वाचायला द्या. न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही मिटली, तर ते पुस्तक ऐकायला चालेल, एकट्यानं वाचायला नाही.

वाचणारा आणि सांगणारा, दोघंही लेकरंच असावीत. वाचणारा रोज वेगळा. त्याला त्याची चार पानं झेरॉक्स करून आदल्या संध्याकाळी घरी द्या, दोनदा मोठ्यानं वाचून यायला सांगा. बैठकीला असे दोघं लागतात. तयारीशिवाय उभं केलं की अडखळणारं पोर हसू होतं आणि पुन्हा पुढं येत नाही. म्हणून मग सगळा महिना तीच दोन हुशार लेकरं वाचतात आणि बाकीचे पाहुण्यासारखे बसतात. ही चूक सगळीकडं होते.

सांगणाऱ्याचं काम तीनच गोष्टींचं : काल कुठं थांबलो, हा कोण, आणि अडलेला शब्द. पुस्तकं बहुतेक पुण्याकडची नाहीतर कोकणातली. ‘पडवी’ आली की सांगणारी पोरगी म्हणते, “आपली ओसरी न्हाई का, तसलंच.” बस्स, पुढं चला. ‘आगबोट’ आली की फळ्यावर चित्र काढा, सांगून कळणार नाही. सांगणारा ‘गेल्ता’, ‘आल्ता’, ‘कामून’ असंच बोलणार. तिथं शुद्धलेखन काढलं की त्याचं तोंड मिटतं. तात्पर्य विचारायचं नाही, प्रश्नोत्तरं लिहून घ्यायची नाहीत. गुरुजींना हे फार जड जातं, पण एका तात्पर्यानं आठवड्याची रंगत जाते.

थांबायचं अध्याय संपल्यावर नाही, गोष्ट ऐन रंगात असताना. दार वाजलं, कोण आहे ते कळायच्या आत पुस्तक मिटा. पुस्तक मात्र वर्गातच टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन चोरून पुढचं पान वाचणारे दोघं-तिघं निघाले, तर निवड बरोबर आहे असं समजा.

पोथीच्या जोडीला घरी न्यायच्या पुस्तकांची पेटी हवी. ३० लेकरांना ४० पुस्तकं ठेवा, म्हणजे शेवटच्या पोरालाही निवडायला दहा-अकरा उरतात. तालुक्याच्या किंवा गावच्या शासनमान्य ग्रंथालयातून निम्मी उसनी मिळू शकतात. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत, एकेक गोष्ट छापून पुठ्ठ्यात शिवली की जाड पुस्तकाला बिचकणाऱ्यांची सोय होते. लोखंडी पेटी जमिनीला टेकवू नका, खाली दोन विटा द्या. श्रावणातली ओल तळाच्या पुस्तकांना लागते आणि पानं एकमेकांना चिकटतात.

वहीत पाच रकाने आखा : तारीख, नाव, पुस्तक, परत दिल्याची तारीख, आणि ‘कोणत्या पानावर सोडलं’. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. पुस्तक सोडणं हा गुन्हा नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर सगळेच ‘पूर्ण वाचलं’ लिहितात. तिघांनी एकच पुस्तक पान २० च्या आसपास सोडलं असेल, तर ते पान तुम्ही स्वतः वाचा. बहुधा तिथं लेखक गोष्ट सोडून उपदेशाला लागलेला असतो.

पोळ्याच्या आधल्या दिवशी कौल घ्या. हात वर करायला लावू नका, वर्गातला दांडगा पोरगा ज्याला हात करतो त्यालाच सगळे करतात. प्रत्येक पुस्तकासाठी एक रिकामा डबा, वर पुस्तकाचं नाव, डबे पडद्याआड. लेकरानं पूर्ण वाचलेल्या किंवा ऐकलेल्या पुस्तकांपैकी मन लागलं त्या प्रत्येकाच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. एका पुस्तकाला एकच.

मोजताना नुसते चिंचोके मोजू नका. पोथीला लावलेलं पुस्तक तीसही जणांनी ऐकलेलं असतं, त्याचा डबा भरणारच. चिंचोक्यांना पूर्ण वाचणाऱ्यांच्या आकड्यानं भागा. ३० पैकी १८ चिंचोके म्हणजे १०० ला ६०. पेटीतलं एखादं पुस्तक सहाच जणांनी वाचलं आणि पाच चिंचोके पडले, तर १०० ला ८३. खरं आवडतं ते दुसरं. मात्र पाचपेक्षा कमी जणांनी वाचलेलं पुस्तक या हिशोबात घेऊ नका, दोन मित्र मिळून त्याला पहिलं आणू शकतात. ते पुढच्या वर्षी पोथीला लावून बघा.

वर आलेल्या पहिल्या तीन पुस्तकांच्या जादा प्रती दिवाळीआधी मिळवा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरची लेकरं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर निघतात, ती थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. त्यांच्यातल्या प्रत्येकाला एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, वहीत नाव लिहा, आणि परत द्यायची तारीख पाडव्यानंतरचीच टाका.